उन्हाळ्यातलं पक्षीनिरीक्षण, मराठवाडा : अनुभव लिहा

मे महिन्यात शिवारं, रानं फिरणाऱ्यांनी कामाचं तेवढं लिहावं. पक्ष्यांच्या याद्या नकोत, त्या सगळ्यांकडे आहेत. सुरुवातीला हे काही.

गौताळा अभयारण्य, कन्नडकडून
सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. तोवर रानात पोचलेलं असावं. साडेनऊनंतर पक्षी सावली धरतात आणि दुर्बिणीत नुसत्या झळा नाचतात. माणशी ३ लिटर पाणी. साग निष्पर्ण असतो, लांबवर दिसतं, म्हणून लोक सागातच फिरत राहतात. पक्षी मात्र नाल्याच्या हिरव्या पट्ट्यात असतात. उरल्यासुरल्या डबक्यापासून तीसेक मीटरवर, ऊन पाठीशी घेऊन अर्धा तास गप्प बसा. स्वर्गीय नर्तक हा पक्षी तिथंच उतरतो. तांबूस दिसला की वहीत ‘मादी’ लिहू नका, नरही तांबूस असतो. लांब शेपटी असेल तर नर. आखूड असेल तर पिल्लू-नर की मादी, प्रश्नचिन्ह टाका.

दुर्बिणीबद्दल
८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. १०× म्हणजे दहापटीची हातात थरथरते. आधी उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा, मग डावी झाकून फक्त उजवीकडचं कडं फिरवा. हे न करताच ‘दुर्बीण खराब’ म्हणणारे फार. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कडी खाली करा.

बीडचं माळरान
डोळ्यांपुढे पिवळी लोंबती कातडी, डोक्यावर काळी टोपी ती माळटिटवी. लाल कातडीची नेहमीची टिटवी वेगळी. अंडी उघड्या जमिनीवर, बहुधा चार, खड्यांसारखीच. टिटवी डोक्यावर घिरट्या घालू लागली की शोधत बसू नका, आलात त्याच पावलांवर मागे फिरा. पक्षी उठलेला राहिला तर भर उन्हात अंडी शिजतात, शिवाय कावळे माणसाच्या मागावर असतात.

पैठण
नाथसागराचं (जायकवाडी धरणाचं) पाणी उतरलं की काठचा गाळ वरून भेगाळलेला दिसतो, आतून ओलाच. काठीनं चाचपल्याशिवाय पाय टाकू नये. उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय हे पाणपक्षी अंडी घालतात. होडी तिकडे नेऊ नका.

येडशी
उंबर पिकला असेल तर दुसरीकडे जाऊच नका. हरियाल (हिरवं कबूतर) पानांत हलत नाही, फळं पडताना वर बघा. रोहिणी नक्षत्र लागलं की नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ, मृगाच्या तोंडावर चातक. ‘पेरते व्हा’ ओरडणारा पावशा उडताना शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) वाटतो; चोच बघा, आकड्यासारखी वाकडी नसेल तर पावशा. मोबाइलवर आवाज वाजवून बोलावू नका, घरट्याच्या दिवसांत तर मुळीच नको.