मदत हवी आहे: सॅम्पल घर बघताना मिळालेली वागणूक घर निवडताना किती धरायची?

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण घरात दोन तट पडलेत आणि रविवारपर्यंत काहीतरी ठरवायचं आहे.

आई-बाबा राजापूर तालुक्यात गावच्या घरी असतात. आईचे गुडघे गेलेत, औषधपाण्यासाठी सारखं रत्नागिरीला यावं लागतं. म्हणून शहराच्या आसपास तळमजल्याचं घर किंवा छोटं रो-हाउस बघतोय. मी ठाण्याला. कर्ज मी काढणार, राहणार ते दोघं.

गेल्या आठवड्यात दोन ठिकाणी जाऊन आलो.

पहिल्या ठिकाणी पाऊस कोसळत होता तरी आधी गेटवर फॉर्म भरून घेतला. नाव, फोन, पगार, बजेट. तोवर आई छत्रीखाली उभी. आतला मुलगा फक्त माझ्याकडे बघून बोलत होता. बाबांनी गावचं चिऱ्याचं घर स्वतः उभं राहून बांधून घेतलंय. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: पावसाची झड कुठल्या भिंतीवर येते, आणि मे महिन्यात पाणी कुठून येतं? "काका, ते टेक्निकल आहे, मी सरांना समजावतो," असं म्हणाला आणि मलाही काही सांगितलं नाही. सॅम्पलमध्ये एकाही खोलीला दार नव्हतं, पलंग इतका आखूड की माझे पाय बाहेर राहिले असते. मी टेप काढली तर माप घ्यायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. आईला बाथरूमला जायचं होतं. सॅम्पलमधलं नुसतं दाखवायला, नळाला पाणी नाही. तिला चिखलातून कामगारांच्या संडासाकडे पाठवलं. ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. शेवटी, आजच 51,000 टोकन दिलं तरच हा भाव. दिलं नाही. तेव्हापासून रोज फोन येतात.

दुसऱ्या ठिकाणी ज्या ताई होत्या त्यांनी आधी आईला खुर्ची दिली, मग बाबांना विचारलं, "काका, कोण कोण राहणार?" सॅम्पल दाखवलं आणि लगेच शेजारच्या अर्धवट बांधलेल्या घरातही नेलं. टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं. बाबांनी तेच दोन प्रश्न विचारले. त्या म्हणाल्या, पश्चिमेच्या भिंतीला आधीच्या इमारतीत ओल आली होती, म्हणून इथे छज्जा वाढवलाय; आणि मे महिन्यात बोअर कमी पडते, टँकर घ्यावा लागतो. विकायला बसलेल्या माणसाने टँकरचं आपण होऊन सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पण हे घर चार लाखांनी महाग आहे आणि ताबा वर्षभर उशिरा. भाऊ म्हणतो, गोड बोलणारी बाई उद्या नोकरी सोडेल, भिंती काही ती बांधत नाही. बाबा म्हणतात, "बसायला खुर्ची न देणारा छप्पर गळल्यावर फोन उचलेल काय?" मला दोघांचंही पटतं.

तर विचारायचं आहे ते असं. ही वागणूक चार लाखांच्या तोलाची धरावी का? माप आणि फोटो नाकारले तर काय म्हणायचं? आणि ताईंनी तोंडी सांगितलेलं छज्जाचं कागदावर कसं आणायचं? जवळपास घर घेतलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद 1

टोकन दिलं नाहीत हे उत्तम केलंत. दोन्ही ठिकाणांचा महारेराचा (घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणारी राज्याची यंत्रणा) नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर मंजूर नकाशे व पूर्ण होण्याची तारीख स्वतः बघा. जाहिरातीवर क्यूआर कोडही असायला हवा, 1 ऑगस्ट 2023 पासून तो सक्तीचा आहे. फक्त एक लक्षात ठेवा: जमीन 500 चौरस मीटरपर्यंत किंवा घरं आठपर्यंत असली तर नोंदणी सक्तीची नसते, आणि आपल्याकडचे बरेच छोटे प्रकल्प याच मापात बसतात.

मापाबद्दल भांडू नका, रेरा कायद्याप्रमाणे कार्पेट एरिया, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, लेखी मागा. त्यात बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती येत नाहीत, आतल्या भिंती येतात. तुम्हाला उपयोगी आहे ते 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 12. जाहिरात किंवा सॅम्पल घरातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. म्हणून सॅम्पलचे फोटो महत्त्वाचे. आणि कलम 13 प्रमाणे करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

प्रतिसाद 2

दादा, मी रत्नागिरीतच राहते, तिसरा पावसाळा चाललाय. माझं मत बाबांच्या बाजूने, पण ताईंमुळे नाही. त्यांनी टँकरचं सांगितलं म्हणजे ते सांगायला त्यांच्या मालकाची हरकत नाही, हे मोठं आहे. आमच्याकडे पहिल्याच जूनमध्ये बेडरूमची भिंत ओली झाली. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो, तरी आम्हाला चार महिने खेटे घालावे लागले. ऑफिसात कोणी डोकं वर करून बघायचं नाही. घर दाखवतानाही तसंच होतं, आम्ही तेव्हा मनावर घेतलं नाही.

रविवारी सॅम्पलकडे जाऊच नका. त्या ताईंनी सांगितलेल्या आधीच्या इमारतीत जा, जोराचा पाऊस असेल तर बरंच. पश्चिमेकडच्या घराची बेल वाजवा, भिंतीला हात लावू द्या म्हणा. ग्रिलला गंज किती चढलाय तेही बघा, खाऱ्या हवेत दोन वर्षांत कळतं. आईंना तेवढे जिने चढायला लावू नका, बाबांना न्या.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. ताईंना आत्ताच मेसेज केला: छज्जाची रुंदी आणि पाण्याची सोय करारात लिहून द्याल का, आणि जुन्या इमारतीचा पत्ता द्या. पत्ता पाच मिनिटांत आला. करारातल्या मजकुराचं मालकांना विचारून सोमवारी सांगते म्हणाल्या. रविवारी बाबांना घेऊन जातोय, बघून आलो की इथेच लिहीन.