धावणं आणि सायकल, दोन्हीला एकच घड्याळ : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी ७०४ : नमस्कार मंडळी. जानेवारीत मुंबईची अर्धमॅरेथॉन आणि नंतर २०० किमीची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब सायकल राईड, करायची आहे. दोन्हीच्या सरावाला चालेल असं एकच घड्याळ घ्यायचंय. रनिंग-सायकलिंगवाल्यांनी सुचवा प्लीज.

ए ११०२ : दादा, मॉडेलचं नंतर बघू. सायकलला पॉवर मीटर, म्हणजे पेडलवरचा जोर वॅटमध्ये मोजणारा सेन्सर, आहे का? किंवा वर्षभरात लावणार का?

बी ७०४ : आत्ता नाही. पुढच्या वर्षी लावेन.

ए ११०२ : मग गार्मिन फोररनर ५५ आणि १६५ यादीतून काढा. १६५ छान घड्याळ आहे, ॲमोलेड स्क्रीन आहे, बॅरोमीटर आहे, नुसत्या धावणाऱ्याला भरपूर झालं. पण सायकलचा पॉवर मीटर त्याला जोडताच येत नाही, ट्रायथलॉन मोडही नाही. पुढच्या वर्षी पॉवर मीटर आणाल आणि घड्याळ पुन्हा बदलावं लागेल. गार्मिनमध्ये पॉवर मीटर घेणारी फोररनरची पायरी २५५ पासून सुरू होते. २६५ म्हणजे ढोबळमानाने तेच घड्याळ ॲमोलेड स्क्रीनसह. गार्मिन सोडून बघायचं तर कोरोस पेस ३. नायलॉन पट्ट्यासह फक्त ३० ग्रॅम, पॉवर मीटरही जोडता येतो.

डी ५०५ : पेस ३ घेताना एक लक्षात ठेवा. त्यात ॲंट प्लस, म्हणजे सेन्सर जोडायची दुसरी वायरलेस पद्धत, नाही, फक्त ब्लूटूथ आहे. ॲपल वॉचचंही तसंच. जुने किंवा सेकंडहँड सेन्सर बरेचदा नुसते ॲंट प्लसचे असतात, ते या घड्याळांना दिसणारच नाहीत. आणि ब्लूटूथवर बरेच सेन्सर एका वेळी एकाच उपकरणाशी बोलतात. फोनवरच्या ॲपने पट्टा आधीच पकडून ठेवला असेल तर घड्याळ नुसतं शोधत बसतं आणि आपल्याला वाटतं पट्टा बिघडला. ॲंट प्लसवर सेन्सर एकदा बोलला की आजूबाजूची सगळी उपकरणं ऐकतात. गार्मिनमध्ये दोन्ही सोयी आहेत.

बी ७०४ : पट्टा म्हणजे छातीचा? मनगटावर हार्ट रेट येतोच की.

डी ५०५ : येतो, पण सायकलवर भरवसा ठेवू नका. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची हालचाल बघतो. हँडलवर मनगट मागे दुमडलेलं, मूठ आवळलेली, खालून रस्त्याचे हादरे. घड्याळ हलतं, बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडा भरकटतो. चढावर दम लागलेला असताना घड्याळात ११०, हे नेहमीचंच. धावताना वेगळी गंमत होते. पावलांची लय मिनिटाला १७० असेल तर सेन्सर ती लयच नाडी समजून बसतो. सावकाश पळताना हार्ट रेट १७० वर चिकटून राहिला आणि तुम्ही आरामात बोलू शकताय, तर तो आकडा पावलांचा आहे.
आणि चूक तिथे थांबत नाही. व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा), रिकव्हरीचे तास, ट्रेनिंग लोड म्हणजे सरावाचा ताण, सगळं त्याच आकड्यावरून काढलेलं असतं. म्हणून माझं स्पष्ट मत : बजेट ताणायचंच असेल तर घड्याळ एक पायरी खालचं घ्या, पण पट्टा घ्याच.

बी ७०४ : कोणता घ्यावा, ताई?

डी ५०५ : पोलर एच १०. ॲंट प्लस आहे, शिवाय ब्लूटूथवर एकाच वेळी दोन उपकरणं जोडता येतात, त्यामुळे कुठल्याही कंपनीच्या घड्याळाबरोबर चालतो. घड्याळ गार्मिन असेल तर एचआरएम ड्युअलही उत्तम. छातीला पट्टा सहन होत नसेल तर दंडावर बांधायचा पोलर व्हेरिटी सेन्स आहे. तोही दिव्याचाच, पण दंड मनगटासारखा दुमडत नाही, म्हणून बराच स्थिर.

सी ३०१ : पट्टा वापरायची रीत सांगतो, कारण नव्या पट्ट्याच्या बहुतेक तक्रारी वापरण्यातूनच येतात. बांधण्याआधी आतली दोन्ही रबरी पॅड पाण्याने ओली करायची. कोरडा बांधलात तर पहिली दहा मिनिटं २०० च्या वर काहीही दाखवेल, घाम आला की मग शुद्धीवर येईल. थंडीत कोरड्या हवेला सैल जर्सी वाऱ्याने फडफडली तरी असेच उंच सुळके येतात, तेव्हा जर्सी अंगाबरोबर हवी. राईड संपली की पुढची सेन्सरची डबी काढून ठेवायची. ओल्या पट्ट्याला लटकत राहिली तर ती चालूच राहते आणि सेल उतरतो. पट्टा रोज साध्या पाण्यात खळबळून काढा, अधूनमधून सौम्य साबण. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको.

ए ११०२ : काका, बॅटरीचंही सांगा ना. बीआरएमचा अनुभव तुमचाच जास्त.

सी ३०१ : २०० च्या बीआरएमला वेळमर्यादा १३ तास ३० मिनिटं, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. घड्याळाचे तास या आकड्यांशी ताडून बघायचे. साध्या जीपीएसवर कंपनी २५५ ला ३० तास सांगते, २६५ ला २०. हे नव्या बॅटरीचे आकडे. सेन्सर जोडले, रात्री स्क्रीनचा दिवा लागत राहिला, बॅटरी जुनी झाली की त्यातून कमीच मिळतात. सगळे उपग्रह आणि दोन्ही फ्रिक्वेन्सी चालू ठेवल्या की २५५ सुद्धा १६ तासांवर येतं. लांब राईडला मोकळ्या हायवेवर साधं जीपीएस पुरतं, तेच लावा. बीआरएम करायची असेल तर मी २६५ ऐवजी २५५ च सांगेन. त्याची साधी स्क्रीन उन्हात उलट जास्त स्वच्छ दिसते.

बी ७०४ : दोन्ही फ्रिक्वेन्सी म्हणजे काय? जाहिरातीत वाचलं होतं.

ए ११०२ : उपग्रह दोन फ्रिक्वेन्सींवर सिग्नल पाठवतात, एल १ म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झ आणि एल ५ म्हणजे ११७६.४५. उंच इमारतींत सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा पोहोचतो, घड्याळाला वाटतं आपण पलीकडच्या गल्लीत आहोत. एल ५ वर खरा आणि आपटून आलेला सिग्नल वेगळा ओळखणं सोपं जातं. २५५, २६५ आणि पेस ३ मध्ये हे आहे, १६५ मध्ये नाही. बाणेर-बालेवाडीच्या टॉवरमधून पळताना फरक कळतो. मेट्रोच्या पुलाखाली मात्र कुठलंही घड्याळ अडखळतं, डोक्यावरचं आकाशच झाकलेलं असतं.

यापेक्षा मोठा फरक एका साध्या सवयीने पडतो. आदल्या संध्याकाळी घड्याळ फोनशी सिंक करा. त्यात पुढच्या काही दिवसांची उपग्रहांची माहिती उतरते. ती शिळी असेल तर सकाळी गेटवर पाच-पाच मिनिटं उभं राहावं लागतं. जीपीएस हिरवं झालं तरी मिनिटभर मोकळ्यावर थांबून मग स्टार्ट दाबा. घाई केली की पहिला किलोमीटर हमखास वाकडा येतो.

एफ २०८ : शर्यतीत अंतर जास्त का दाखवतं? २१.१ च्या ठिकाणी २१.४ वगैरे?

ए ११०२ : मार्ग मोजताना प्रत्येक वळणावर सर्वांत जवळची रेषा धरतात. गर्दीत आपण बाहेरून वळतो, पाण्याच्या टेबलाकडे जातो, त्यात जीपीएसची थोडी भर. म्हणून शर्यतीत ऑटो लॅप, म्हणजे दर किलोमीटरला आपोआप होणारी नोंद, बंद करा आणि रस्त्यावरची किलोमीटरची पाटी आली की लॅपचं बटण हाताने दाबा. स्क्रीनवर चालू पेसऐवजी (पेस म्हणजे किलोमीटरला लागणारी मिनिटं) लॅप पेस, म्हणजे त्या लॅपची सरासरी, लावा. चालू पेस मागे पडतो आणि उड्या मारतो, त्यावर पळणारा माणूस सारखा वेग बदलत राहतो.

बटणांवरून आठवलं. घामाने किंवा पावसाने ओल्या बोटांना टच नीट कळत नाही. पाच बटणांचं घड्याळ घ्या आणि पळताना टच बंद ठेवा.

डी ५०५ : वहिनींसाठीही बघत असाल तर २५५ एस आहे, डायल ४१ मिमी. बारीक मनगटावर मोठं घड्याळ हलतं आणि हार्ट रेट आणखी बिघडतो. हाडापासून बोटभर वर, घट्ट पण खूण पडणार नाही इतपत बांधायचं.

बी ७०४ : सायकलवर घड्याळ मनगटावरच ठेवायचं की हँडलवर?

सी ३०१ : हँडलवर. मनगट वळवून बघायचं म्हणजे नजर रस्त्यावरून जाते, आपल्या घाटात ते बरं नाही. फोमचा गोल तुकडा मिळतो, तो हँडलवर बसवून त्यावर घड्याळ आवळायचं. तेव्हा मनगटी सेन्सर सेटिंगमधून बंद करा, नाहीतर फोमचाही हार्ट रेट दाखवेल.

स्पीड सेन्सर लावलात तर चाकाचा परीघ स्वतः भरा : ७०० बाय २५ ला २१०५ मिमी, ७०० बाय २८ ला २१३६. टायर बदलून आकडा तोच ठेवला तर १०० किमीमागे साधारण दीड किमीचा फरक येतो. कॅडेन्स सेन्सर (पेडलचे फेरे मोजणारा) डाव्या क्रँकला, म्हणजे पेडलच्या दांडीला, आतून, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला घासत नाही ना हे पेडल उलटं फिरवून बघायचं.

ए ११०२ : पॉवर मीटर आला की सरासरी पॉवर शून्य धरून लावा. उतारावर पाय थांबलेले असतात, ते शून्य वगळलं तर सरासरी फुगते. आणि दर राईडआधी सायकल पाच-दहा मिनिटं बाहेरच्या हवेत ठेवून मग कॅलिब्रेट करा. एसीच्या खोलीतून काढून लगेच केलं तर आकडा सरकतो.

एफ २०८ : सातारा हिल हाफसाठी चढाईचा आकडा हवाय. घड्याळाचा खरा धरावा का?

सी ३०१ : बॅरोमीटर असेल तर बऱ्यापैकी. ५५ मध्ये बॅरोमीटरच नाही, त्यात चढाई जीपीएसवरून येते, ती डोंगरात गडबडते. बॅरोमीटर हवेच्या दाबावर चालतो, म्हणून पावसाळी दिवशी दाब बदलला की उंची सरकते. आधी उंची कॅलिब्रेट करून निघा. कडेला बारीक छिद्रं असतात, त्यांत घामाचं मीठ साचलं की आकडे अडकतात. गोड्या पाण्याखाली धरून स्वच्छ करा. सुई, टाचणी अजिबात नको, आतला पडदा फाटतो.

डी ५०५ : घड्याळ आलं की हार्ट रेटचे झोन, म्हणजे सोप्यापासून जोराच्या मेहनतीपर्यंतचे टप्पे, लगेच बदला. घड्याळ ते जास्तीत जास्त हार्ट रेटवरून धरतं, आणि त्यासाठीचं २२० वजा वय हे सूत्र कित्येकांना दहा-बारा ठोक्यांनी चुकतं. सपाट रस्त्यावर ३० मिनिटं एकट्याने जमेल तितक्या जोरात, पण एकसारखं पळा. पहिल्या दहा मिनिटांनंतर लॅप दाबा. शेवटच्या २० मिनिटांचा सरासरी हार्ट रेट हा तुमचा थ्रेशोल्ड, म्हणजे जोराची मेहनत टिकवता येण्याची हद्द. पळण्याचा सोपा झोन त्याच्या ८५ ते ८९ टक्के. सायकलची चाचणी वेगळी करा. तिथला थ्रेशोल्ड बहुतेकांचा काही ठोके कमी येतो, आणि गार्मिनमध्ये दोन्ही खेळांना वेगवेगळे झोन भरता येतात. एप्रिल-मेच्या उन्हात चाचणी नको, उष्णतेनेच ठोके वाढतात.

बी ७०४ : ठरलं. फोररनर २५५ आणि एच १०. दुकानात काय तपासू?

ए ११०२ : बिल आणि भारतातली वॉरंटी. परदेशातून आणलेल्या मालाला इथे सर्व्हिस मिळेल का, ते लेखी घ्या. खोका उघडल्यावर तिथेच बाहेर येऊन जीपीएस पकडतं का, पाचही बटणं नीट दबतात का, चार्जर घट्ट बसतो का ते बघा.

सी ३०१ : आणि राईडहून आल्याबरोबर ओलं घड्याळ चार्जिंगला लावू नका. घाम आणि वीज एकत्र आली की पाठीमागच्या पिना हिरव्या पडतात. आधी गोड्या पाण्याने धुवा, पुसा, पिना कोरड्या झाल्या की मग लावा. पट्टा घेऊन उद्या संध्याकाळी खाली या, पॅड ओली करून बांधायचं दाखवतो.