मदत हवी आहे: हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंटच्या अर्जात हॉटेलबाहेरचा अनुभव चालतो का?

नमस्कार मंडळी,

भाचीला विद्यापीठाच्या हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंटच्या पदवीसाठी अर्ज करायचा आहे. गुण बरे आहेत, मुलाखत पुढे आहे. गाडी अडली आहे ती स्टेटमेंट ऑफ पर्पजपाशी, म्हणजे हाच अभ्यासक्रम का हवा ते सांगणाऱ्या निबंधापाशी.

तिने लिहिलंय, 'मला माणसांत मिसळायला आवडतं.' खरंच आवडतं, पण हे सगळेच लिहीत असणार. हॉटेलात तिने काम केलेलं नाही. सुट्टीत एका रुग्णालयाच्या रिसेप्शनवर मात्र केलंय. घाबरलेल्या नातेवाइकांशी शांतपणे बोलणं, खोली मिळायला उशीर का होतोय ते समजावणं, शिफ्ट संपताना पुढच्याला सगळं नीट सांगून जाणं. 'त्याचा इथे काय संबंध' म्हणून तिने ते गाळलं! मला तर हॉटेलच्या फ्रंट ऑफिसचं, म्हणजे रिसेप्शनचं काम याच जातीचं वाटतं. तुमचं मत?

शिवाय अभ्यासक्रमात अकाउंटिंग आणि रेव्हेन्यू मॅनेजमेंट (खोल्यांचे दर ठरवून कमाई वाढवणं) बघून ती धास्तावली आहे. गणित बेताचं आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
रुग्णालयाचं काम आवर्जून लिहू दे. प्रसंग एकच घ्यावा, पण नीट: काय अडलं, तिने काय केलं, समोरचा माणूस कशामुळे निवळला. 'मेहनती', 'मनमिळाऊ' ही विशेषणं काढून टाका. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचं हॉटेल स्कूल १८९३ पासून चालू आहे, तिथेही पदवीच्या सुरुवातीला किचन आणि सर्व्हिसमध्ये प्रत्यक्ष काम करावं लागतं. हाताने काम केलेला विद्यार्थी या क्षेत्राला हवाच असतो.

गणिताची भीती नको. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही, सगळं रेव्हेन्यू मॅनेजमेंट इथून सुरू होतं. समजा १०० खोल्या आहेत. ७० च्या दराने ८० गेल्या तर ५,६०० मिळाले. १०० च्या दराने ६० गेल्या तर ६,०००. म्हणजे जास्त भरलेल्या हॉटेलची कमाई जास्त असेलच असं नाही. एवढं तिला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तरी मुलाखतीत बोलायला भक्कम मुद्दा आहे.

धागाकर्ती:
मनापासून आभार! आज तिच्याकडून प्रसंग लिहून घेते. अनुभवपत्र जोडावं का?

प्रतिसाद:
मागून ठेवा. कालावधी आणि कामाचं स्वरूप दोन्ही त्यात असू द्या, आणि निबंधातला मजकूर त्याच्याशी जुळतोय ना ते पाहा.