वाढ खुंटलेल्या लेकराच्या फायलीवर ‘आर ६२’ लिहून थांबायचं का?

नोंदविभाग_लातूर
एका खासगी रुग्णालयात मेडिकल रेकॉर्डचं काम करतो. डिस्चार्ज झालेल्या पेशंटच्या निदानाला आयसीडी-१० मधला, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणातला, कोड लावायचा हे माझं काम. वाढ मागे पडलेल्या मुलांच्या फायलींवर सरसकट आर ६२ लावणं बंद झालं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आर ६२ म्हणजे अपेक्षित शारीरिक वाढ न होणं. त्यात आर ६२.० हा उशिरा चालणं-बोलणं यासाठी, आर ६२.८ हा वजन न वाढणं, वाढ थांबणं यासाठी, आणि आर ६२.९ म्हणजे काहीच स्पष्ट नाही. हे सगळं अठराव्या प्रकरणात येतं. ते प्रकरण लक्षणांचं आहे. कारण सापडलं नसेल तरच तिथले कोड वापरायचे. आर ६२.८ च्या खाली तर सरळ सूचना छापली आहे की कुपोषणामुळे खुंटलेली वाढ इथे धरू नये, ती ई ४५ मध्ये जाते.

आणि फायलीत काय दिसतं? मूल अडीच वर्षांचं, उंची वयाच्या मानाने उणे तीन एसडीच्याही (प्रमाण विचलन) खाली, म्हणजे सरासरीपेक्षा फारच कमी, दंडघेर ११ सेंटीमीटर, आहाराचा इतिहास व्यवस्थित लिहिलेला. खाली निदान मात्र ‘फेल्युअर टू थ्राइव्ह’, म्हणजे नुसतं ‘वाढ होत नाही’. मग मी आर ६२.८ लावतो आणि ते लेकरू कुपोषणाच्या आकड्यातून बाहेर पडतं. आपल्या मराठवाड्यात हे परवडणारं नाही. २००५ साली राजमाता जिजाऊ मिशन औरंगाबादेतून सुरू झालं ते कुपोषण मोजून कमी करण्यासाठीच. मोजायचंच नसेल तर कमी काय करणार?

बालरोग_परभणी
तुमची कळकळ पोचली, पण मी सहमत नाही. मूल बुटकं आहे आणि घर गरीब आहे, म्हणून कुपोषण हेच कारण, हा निष्कर्ष घाईचा आहे. थायरॉइड कमी असतं, सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं बिघडवणारा आजार) असतो, किडनीचा दोष असतो, मुलीत टर्नर सिंड्रोम (एक्स गुणसूत्राचा जन्मजात दोष) असतो. काही घरांत आईवडीलच ठेंगणे असतात. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहावं लागतं. वाढीचा वेग कळायला साधारण सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा उंची मोजावी लागते. पहिल्या भेटीत माझ्याकडे यातलं काही नसतं. तेव्हा आर ६२ लिहिणं हेच प्रामाणिक. ई ४५ लिहिलं की पुढचा डॉक्टर ‘खायला घाला’ म्हणून परत पाठवतो आणि थायरॉइडची तपासणी राहून जाते. हे मी पाहिलंय.

आई_जालना
मी डॉक्टरांच्या बाजूने. माझा मुलगा उशिरा बसला, उशिरा चालला. सुरुवातीला कागदावर ‘विकासाचे टप्पे उशिरा’ एवढंच होतं, आणि तेवढ्यावरच जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात त्याची फिजिओथेरपी सुरू झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातला उशीर हा स्वतंत्र गट आहेच, त्यासाठी पक्क्या निदानाची वाट पाहावी लागत नाही. त्या वयात कुणी घाईने ‘सेरेब्रल पाल्सी’ (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारं अपंगत्व) लिहिलं असतं, तर घरातल्यांनी त्याच्याकडे पाहायची नजरच बदलली असती. मोघम शब्दाने आम्हाला वेळ दिला.

नोंदविभाग_लातूर
ताई, तुमच्या मुलासाठी आर ६२.० अगदी बरोबर होता, त्यावर वाद नाही. माझा रोख आर ६२.८ आणि ६२.९ वर आहे, तेही कारण फायलीत लिहिलेलं असताना. डॉक्टरसाहेब, कोड मी मनाने बदलत नाही, तो माझा अधिकारही नाही. पण दंडघेर साडेअकराच्या खाली असेल तर तीव्र कुपोषण ठरायला थायरॉइडचा रिपोर्ट लागत नाही. तिथे कुपोषणाचा कोड लावा आणि तपासण्याही चालू ठेवा. एका फायलीवर दोन कोड बसतात.

कोडिंग_शिकतोय
नेटवर आर ६२.५० आणि आर ६२.५१ दिसतात, ते का नाही वापरायचे?

नोंदविभाग_लातूर
ते अमेरिकेच्या स्वतःच्या आवृत्तीतले, तिकडे ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहेत. जागतिक संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये आर ६२.५ नाहीच. सॉफ्टवेअरने सुचवलं तरी घेऊ नका.

अंगणवाडीताई_बीड
तुमचं सगळं वाचलं. आमच्या वाडीवरची निम्मी घरं दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन ऊसतोडीला फडावर जातात, ती उन्हाळ्यातच परततात. लेकरं संगं जातात. डॉक्टर म्हणतात सहा महिन्यांनी दुसरी उंची घ्या. कोण घेणार? आधीची कुठं लिहिलीय ते तिकडच्या ताईला माहीत नसतं. दवाखान्याच्या कागदावर कोड असतो नाहीतर इंग्रजीत एक शब्द असतो. मला त्याचा काही उपयोग नाही. उंची किती, वजन किती, कोणत्या तारखेला, आणि झोपवून मोजली का उभं करून, हे लिहा. दोन वर्षांच्या आतल्याला झोपवून मोजतात, त्यात आणि उभं करून मोजण्यात पाऊण सेंटीमीटरच्या आसपास फरक पडतो. तेवढ्यात लेकरू सॅममधून (तीव्र कुपोषण) मॅममध्ये (मध्यम कुपोषण) जातं.

बालरोग_परभणी
ताई, हे मान्य. उद्यापासून माझ्या कार्डावर तारखेसह उंची, वजन, दंडघेर आणि मोजायची पद्धत असेल, मराठीत. लातूरकर, दंडघेराचा मुद्दाही मान्य. तिथे कुपोषणाचा कोड पहिल्याच दिवशी लागला पाहिजे. पण नुसती उंची कमी असेल तर ई ४५ मी पहिल्या भेटीत लिहिणार नाही. तिथे आर ६२.८ च राहील.

नोंदविभाग_लातूर
मग दुसऱ्या भेटीचं काय? टोळीबरोबर गेलेलं मूल तुमच्याकडे परत येत नाही, आणि तुमचा तात्पुरता कोड आमच्या रजिस्टरमध्ये कायमचा राहतो. तुम्ही ‘कुपोषणाची शक्यता’ एवढं तरी निदानाच्या ओळीत लिहा. त्या ओळीवरून मी फाइल वेगळी काढून ठेवीन आणि टोळी परतली की ताईंच्या पर्यवेक्षिकेला कळवीन.

अंगणवाडीताई_बीड
पर्यवेक्षिकेला नको, थेट मला कळवा. गावात कोण आलं ते मला आधी कळतं.