वर्षभरात सापडलेली सॉफ्टवेअर : आपल्या संगणकावरची बरी की नेटवरची?

पूर्णाकाठ (परभणी)

परभणीत गेली अठरा वर्षे मी डीटीपी आणि छपाईचे काम करतो. गेल्या वर्षभरात दोन सॉफ्टवेअर माझ्या हाती लागली आणि त्यांनी माझ्या कामाची रीतच बदलली. त्यांच्या अनुभवातून माझे एक ठाम मत झाले आहे : ऐन कामाच्या वेळी ज्यांना वीज आणि नेट यांचा भरवसा नसतो, त्या आपल्यासारख्यांनी आपल्याच संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर आधी पाहावे आणि नेटवरच्या सेवांकडे नंतर वळावे.

पहिले टेसरॅक्ट. छापील पानाचा फोटो दिला की त्यातला मजकूर ओळखून तो टंकलेल्या रूपात हाती देणारे हे मोफत सॉफ्टवेअर एचपी कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात तयार झाले, २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ते सुटी अक्षरे ताडून पाहण्याऐवजी अख्खी ओळ सलग वाचू लागले. मराठीसाठी वेगळी फाइल बसवावी लागते, एवढेच. मागच्या पावसाळ्यात एका गावच्या देवस्थानाची जुनी स्मरणिका पुन्हा छापण्याचे काम माझ्याकडे आले. खिळे जुळवून छापलेली, कागद पिवळा पडलेला, शाई पसरलेली. ‘ध’ आणि ‘भ’ या अक्षरांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. शाईने ती फट बुजली की यंत्र ‘ध’ला ‘घ’ आणि ‘भ’ला ‘म’ वाचते, म्हणजे ‘धन’चे ‘घन’ आणि ‘भार’चा ‘मार’ होतो. ही खोड लक्षात आल्यावर मी आधी फोटोतला काळेपणा कमी करू लागलो आणि याच चार अक्षरांवर बोट ठेवून प्रूफ वाचू लागलो. जे पान टंकायला अर्धा तास लागे, ते दहा-बारा मिनिटांच्या तपासणीत पूर्ण होऊ लागले.

दुसरे सिंकथिंग. त्यामुळे दुकानातला आणि घरातला संगणक एकमेकांशी थेट बोलतात आणि ठरवलेल्या फोल्डरमधल्या फाइली दोन्हीकडे सारख्या ठेवतात. मध्ये कोणाचे गोदाम नाही, मासिक वर्गणी नाही, आणि दोन्ही यंत्रे एकाच वायफायवर असली तर इंटरनेटही लागत नाही. याआधी मी एका ऑनलाइन सेवेवर लग्नपत्रिकांचे नमुने ठेवत असे. ऐन लग्नसराईत माझे खाते काही कारण न सांगता नऊ दिवस बंद राहिले आणि ग्राहक दुकानाच्या पायरीवर बसून होते. त्या नऊ दिवसांनी मला जे शिकवले, तेच वर लिहिले आहे.

मांजराकाठ (लातूर)

दादा, तुम्हाला झालेला त्रास मी समजू शकते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. तुमचे काम एका माणसाचे, एका टेबलावरचे आहे. आमचे तसे नाही.

मी एका शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब पाहते. सोयाबीन खरेदीच्या दिवसांत अकरा गावांतून एकाच वेळी नोंदी येतात : शेतकऱ्याचे नाव, गाव, पोती, वजन, ओलावा. नोंद करणाऱ्या मुलींपैकी एकीकडेही संगणक नाही, सगळ्यांकडे फोन आहेत. वर्षभरापूर्वी आम्ही वह्या सोडून गूगल शीट्सवर, म्हणजे नेटवरच्या, सगळ्यांना एकाच वेळी भरता येणाऱ्या तक्त्यावर आलो. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. ती ओलांडली की ती ओळ लाल व्हावी अशी सोय मी करून ठेवली होती. २०२४ च्या हंगामात केंद्राने १५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली, तेव्हा मी एका चौकटीतला आकडा बदलला आणि अकराही गावांतल्या लाल ओळी आपोआप पांढऱ्या झाल्या. हेच काम वह्यांवर करायचे असते, तर निदान दोन दिवस फोनाफोनी चालली असती आणि तोवर एखाद्या गावातून माल परत गेला असता.

आता सिंकथिंगचे. दोघांनी एकाच वेळी एकच फाइल बदलली तर ते दोन्ही बदल एकत्र करत नाही. एक प्रत वेगळ्या नावाने बाजूला ठेवते आणि कोणती खरी हे तुम्ही ठरवायचे. काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना ते कोणी ठरवायचे? शिवाय अँड्रॉइडसाठीचे त्याचे मूळ अॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद करण्यात आले. म्हणजे जे कोणाच्या मालकीचे नसते, ते बंद पडत नाही असेही नाही.

नेट जाते, हे खरे. पण शीट ऑफलाइन उपलब्ध ठेवण्याची सोय फोनवर आहे. रेंज नसताना केलेली नोंद रेंज आली की वर चढते. आमच्या दोन वाड्यांवर असेच चालते.

गोदाकाठ (नांदेड)

मी पूर्णाकाठ यांच्या बाजूने आहे, मात्र माझे कारण नेटचे नाही.

आमच्या तालुक्यातल्या ज्या वृद्धांना १७ सप्टेंबर १९४८ पूर्वीचा निजामी काळ आठवतो, त्यांची संख्या आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. त्यांचे बोलणे मी ध्वनिमुद्रित करतो. ते लिहून काढण्यासाठी या वर्षी व्हिस्पर वापरायला सुरुवात केली. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुले केलेले हे सॉफ्टवेअर ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवलेले आहे आणि ते आपल्या संगणकावर नेटशिवाय चालते. त्या मुलाखतींत घरातल्या मृत्यूंची, लुटीची, शेजाऱ्यांच्या नावांची अशी वाक्ये येतात, जी त्या माणसाने माझ्यावर विश्वास टाकून सांगितलेली असतात. ती दुसऱ्याच्या यंत्रावर चढवण्याचा अधिकार मला नाही, आणि सोयीसाठी तो घ्यावा असेही मला वाटत नाही.

मराठीत ते चुकते, हे आधीच सांगतो. प्रमाण मराठी बऱ्यापैकी उतरते. पण आजी “तवा आमी पळू लालतो” असे म्हणाल्या की ‘लालतो’चे काहीही होते, आणि मध्येच एखादे वाक्य सरळ हिंदी होऊन येते. निजामी अमलातले उर्दू शब्द, म्हणजे ‘तहसील’, ‘दफ्तर’, ‘मोहतमीम’ यांपैकी पहिले दोन नीट येतात, तिसरा हाताने घालावा लागतो. त्याचे मोठे मॉडेल, म्हणजे त्या शिकवणीतून तयार झालेली फाइल, सुमारे ३ जीबीचे आहे आणि माझ्या जुन्या संगणकावर तासभराच्या मुलाखतीला रात्रभर लागते. मी ते रात्री लावून झोपतो.

खिळे-जुळारी (जालना)

पूर्णाकाठ, तुमच्याच धंद्यातला आहे म्हणून स्पष्ट लिहितो. ‘आपल्या संगणकावर आहे म्हणजे आपल्या ताब्यात आहे’, हे गृहीतक आपल्या डीटीपीवाल्यांना तरी शोभत नाही.

माझ्याकडे २००१ पासूनच्या फाइली आहेत. स्मरणिका, अहवाल, दोन दिवाळी अंक. सगळ्या माझ्याच हार्डडिस्कवर. त्या फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडा, आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा पसारा दिसतो. कारण जुन्या फॉन्टांनी मराठी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली होती. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून देणारा परिवर्तक वापरावा तर तिथेही कटकट आहे. ‘निर्मिती’ हा शब्द घ्या. जुन्या पद्धतीत वेलांटी ‘न’च्या आधी साठवलेली, रफार ‘म’च्या नंतर. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, ती फक्त दिसते डावीकडे. आणि रफाराचा ‘र’ ‘म’च्या आधी येतो. परिवर्तकाला दोन्ही उचलून योग्य जागी न्यावे लागते, आणि जोडाक्षर आले की तो हमखास चुकतो. एका दिवाळी अंकासाठी मी तीन आठवडे घालवले.

या वीस वर्षांत एकदाही नेटने मला दगा दिला नाही, कोणी खाते बंद केले नाही. तरीही माझा मजकूर माझ्याच घरात कोंडलेला होता. तेव्हा सॉफ्टवेअर कुठे चालते याच्या आधी, ते मजकूर कोणत्या रूपात साठवते ते विचारा.

पूर्णाकाठ (परभणी)

खिळे-जुळारी यांचे म्हणणे मला झोंबले, कारण माझ्या कपाटातही अशा सीडी आहेत. माझे विधान मी दुरुस्त करतो : माहिती खुल्या रूपात साठवणे आधी, आपल्या संगणकावर चालणे त्यानंतर. टेसरॅक्टकडून मला साधा युनिकोड मजकूर मिळतो आणि तो कुठेही उघडतो, हा त्याचा मी न सांगितलेला सर्वांत मोठा गुण आहे.

मांजराकाठ ताई, अँड्रॉइडच्या मूळ अॅपबद्दल तुम्ही बरोबर आहात. पण त्याचा कोड खुला असल्यामुळे इतरांनी त्याची वेगळी आवृत्ती चालू ठेवली आहे, आणि समजा उद्या तीही थांबली, तरी माझ्या फाइली दोन्ही संगणकांवर जागच्या जागी राहतील. नेटवरच्या सेवेच्या अटी मात्र ती सेवा देणाराच बदलतो. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून थांबली आणि नवे फोटो १५ जीबीच्या एकत्रित मर्यादेत मोजले जाऊ लागले. त्या निर्णयात वापरणाऱ्यांना काही विचारले गेले नव्हते. अकरा गावांचा हिशेब तुम्ही तिथे ठेवला आहे. तो उद्या पूर्णपणे बाहेर काढायचा झाला, तर काय काय बाहेर येईल, हे तुम्ही कधी करून पाहिले आहे का?

मांजराकाठ (लातूर)

करून पाहिले नव्हते. काल रात्री पाहिले.

एक्सेलच्या रूपात फाइल उतरवून मी ती लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे संगणकावरच चालणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, उघडली. सगळी पाने आली, सूत्रे आली, लाल ओळींचा नियमही आला. मराठी नावे जशीच्या तशी आहेत. सीएसव्हीच्या, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या रूपात उतरवले तेव्हा मात्र समोर उघडे असलेले एकच पान आले, आणि तेही नुसत्या आकड्यांचे, सूत्रांविना. कोणी कोणत्या दिवशी कोणता आकडा बदलला, हा इतिहास दोन्हींतही आला नाही. ही त्रुटी लहान नाही : मागच्या हंगामात एका शेतकऱ्याच्या वजनावरून वाद झाला, तो त्या इतिहासामुळेच मिटला होता.

तरीही मी गूगल शीट्स सोडणार नाही. काट्यावर उभ्या असलेल्या मुलीच्या हातात जे यंत्र आहे, त्यावर जे चालते तेच आमच्यासाठी योग्य, या मतावर मी कायम आहे. फक्त हंगामात रोज संध्याकाळी काटा बंद झाल्यावर त्या दिवसाची प्रत तारीख घालून कार्यालयातल्या संगणकावर उतरवायची, असे आज ठरवले. दोन तारखांच्या प्रती शेजारी ठेवल्या की आकडा कोणत्या दिवशी बदलला, एवढे तरी आमच्याच कपाटातून दाखवता येईल.