अनुभव धागा: अंधारे जुने गेम, तेव्हाचे आणि आताचे

गेल्या दिवाळीत वाईच्या घरी माझ्या दहा वर्षांच्या भाच्याला मी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' दाखवला. पहिल्याच लेव्हलमध्ये पायाखालची फरशी हलली, तसा तो जागच्या जागी थांबला आणि मला विचारू लागला, "मावशी, इथे कुणी काही बोलत का नाही?" या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही आणि हा धागा त्यातूनच सुचला. अद्भुताचे किंवा भयाचे जे गेम आपण शाळा-कॉलेजच्या वयात खेळलो, त्यांतला कोणता मनात घर करून राहिला? पुढे कधी आपण तो पुन्हा उघडला का, आणि उघडल्यावर तेव्हाचे काय जसेच्या तसे सापडले? नुसती नावे न देता, कोणत्या खोलीत, कोणाच्या शेजारी बसून, कोणत्या आवाजाने दचकलात, तेही लिहावे अशी विनंती आहे.

सुरुवात मीच करते. १९९४ साली वडिलांच्या कार्यालयात एक संगणक होता आणि शनिवारी दुपारी कार्यालय रिकामे झाले की तासभर तो मला मिळत असे. त्याला साउंड कार्ड नव्हते, त्यामुळे जे काही ऐकू येई ते खोक्याच्या आतल्या लहानशा स्पीकरमधून. खेळ चालू असताना पार्श्वसंगीत जवळजवळ नव्हतेच. पावलांचा आवाज, दूर कुठेतरी उघडून पुन्हा खाली येणारे लोखंडी दार आणि खाली पडून फुटलेली फरशी, एवढेच ऐकू येई. राजकन्येला सोडवण्याची साठ मिनिटांची मुदत खऱ्या घड्याळाप्रमाणे सरत असे. तिसऱ्या लेव्हलमध्ये जमिनीवर पडलेला सांगाडा उठून उभा राहतो आणि तलवारीने मरत नाही, त्याला मागे रेटत नेऊन खड्ड्यातच पाडावे लागते, हे मला तीन शनिवार कळले नव्हते.

मला खरी भीती वाटली ती चौथ्या लेव्हलमधल्या आरशाची. परतीच्या वाटेवर, मघाशी जिथे काहीच नव्हते तिथे आरसा उभा असतो आणि धावत उडी घेऊन त्यातून पलीकडे जावे लागते. आपण बाहेर पडतो तेव्हा अंगात एकाच घावाची शक्ती उरलेली असते आणि आरशाच्या दुसऱ्या बाजूने आपलीच सावली निघून जाते. पुढच्या लेव्हलमध्ये ती आपल्या वाट्याचे औषध आपल्या देखत पिऊन टाकते. हा गेम करणारे जॉर्डन मेक्नर यांनी धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक चित्र रेखाटले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. त्या सावलीचा उगम मात्र मला फार उशिरा समजला. १९८९ सालचा मूळ गेम ॲपल टू संगणकासाठी होता आणि त्याच्या मेमरीत वेगळ्या शत्रूची चित्रे मावण्याइतकी जागा राहिलेली नव्हती. तेव्हा राजपुत्राचीच चित्रे एका बिटने, म्हणजे अगदी किंचित, सरकवून स्वतःवरच चढवण्यात आली आणि त्यातून ती लकाकणारी आकृती तयार झाली. जागा नव्हती म्हणून शत्रू आपल्याच देहातून काढावा लागला, आणि त्या खेळातली सर्वांत खोल भीती नेमकी तीच ठरली. २०१२ साली मेक्नर यांच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉप्यांचे खोके सापडले, त्यांतून मूळ प्रोग्रॅम वाचवण्यात आला आणि तो सर्वांसाठी खुला झाला. गेमचे संगीतही त्याच वडिलांचे आहे, याचा मला विशेष आनंद वाटतो.

आता आपण लिहावे.

डोंबिवलीहून

आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये १९९६ साली शेवटची पंधरा मिनिटे सर गेम खेळू देत आणि मुले 'डेंजरस डेव्ह'चा दुसरा भाग लावत, ज्यात डेव्ह बंदूक घेऊन झपाटलेल्या हवेलीत शिरतो. सोळा रंगांचाच खेळ, पण प्रेत अंगावर येऊन धडकले की छोट्या चित्राच्या जागी पडदाभर मोठे, रक्ताळलेले चित्र येई आणि मागच्या बाकावरची मुलेसुद्धा ओरडत. बंदुकीतल्या गोळ्या संपल्या की डेव्ह त्या पुन्हा भरेपर्यंत थांबावे लागे. त्या क्षणभरात समोरून काहीतरी चालत येत असे, आणि माझ्या आठवणीत तो क्षणच सर्वांत लांब आहे. हा गेम १९९१ सालचा असून ज्या मंडळींनी तो केला त्यांनीच दोन वर्षांनी 'डूम' हा राक्षसांवर गोळ्या झाडण्याचा गेम केला, हे नंतर वाचले तेव्हा नवल वाटले नाही. गेल्या वर्षी पुन्हा खेळलो. हवेली आठवणीपेक्षा बरीच लहान निघाली. थांबण्याचा तो क्षण मात्र तेवढाच लांब वाटला.

मिरजेहून (सध्या बेंगळुरू)

मी यांतला एकही गेम त्या वयात स्वतः खेळले नाही, तरीही लिहिते आहे, कारण खेळणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्यांचाही अनुभव या धाग्यात यावा असे मला वाटते. दादाने मुंबईहून जुना प्लेस्टेशन आणला होता आणि 'रेसिडेंट ईव्हिल' खेळताना त्याला मी शेजारी हवी असे. १९९६ साली कॅपकॉमने काढलेला हा गेम शिंजी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झाला. डोंगरातली एक मोठी हवेली, तिच्यातले असंख्य दरवाजे, आणि प्रत्येक खोलीत एका जागी खिळलेला कॅमेरा, असा तो खेळ होता. खोलीच्या कोपऱ्यापलीकडे काय आहे ते दिसत नसे, पण ओढत टाकलेली पावले ऐकू येत. खेळ साठवायचा तर टाइपरायटर शोधावा लागे आणि त्याला शाईची फीत लागे, तीही मोजकी. फितींचा हिशेब वहीत मांडण्याचे काम माझ्याकडे होते. कुठले दार कुठल्या किल्लीने उघडते, तेही मीच लिहून ठेवी. दर वेळी दार उघडताना काळ्या पडद्यावर ते दार सावकाश उघडताना दिसे. तेवढ्या वेळात सीडीवरून पुढची खोली वाचली जात असते, हे आम्हांला माहीत नव्हते. आम्ही दोघे तेवढा वेळ श्वास रोखून बसत असू.

उन्हाळ्यात भारनियमनाचे वेळापत्रक असे. रात्री आठला वीज जाणार हे ठाऊक असूनही एकदा दादा खेळत राहिला. लांब बोळातून जाताना खिडकीच्या काचा फोडून कुत्रे आत आले, आणि तो वळून पळणार एवढ्यात घरातली वीज गेली. त्या काळोखात आम्ही किती वेळ न बोलता बसलो होतो ते मला सांगता येणार नाही. शेवटी आजीने कंदील आणला.

२००२ साली याच हवेलीची नवी आवृत्ती निघाली आणि २०१५ साली ती सुधारून संगणकावर आली, तेव्हा मी पहिल्यांदा कंट्रोलर स्वतःच्या हाती घेतला. बोळ आला तेव्हा मला सगळे पाठ होते आणि मी कुत्र्यांची वाट पाहत एकेक पाऊल टाकत होते. काच फक्त तडकली. आत कोणीच आले नाही. करणाऱ्यांना ठाऊक होते की जुने खेळाडू इथे थांबणार, म्हणून त्यांनी तो घाव पुढच्या फेरीसाठी राखून ठेवला होता. याच आवृत्तीत मारलेली प्रेते जाळली नाहीत तर काही वेळाने लाल होऊन, पूर्वीपेक्षा वेगाने उठतात, त्यामुळे रॉकेल कुठे वापरायचे हा नवा हिशेब सुरू होतो. मी रात्री अकरा वाजता दादाला फोन केला आणि म्हटले, "वही पुन्हा काढावी लागणार." त्याने विचारले, "कुत्रे आले का?" मी त्याला काहीच सांगितले नाही. त्याने स्वतः खेळून पाहावे.

नागपूरहून

टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणि फुंकर मारून लावायच्या कॅसेटी, हा आमचा काळ. 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स'मध्ये पहिल्या फटक्याला शूर सरदाराचे चिलखत गळून पडे आणि दुसऱ्याला त्याची हाडे उरत. दफनभूमीच्या पुढे मी कधी फारसा गेलो नाही. अलीकडे इम्युलेटरवर, म्हणजे जुने गेम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, पावलोपावली खेळ साठवत शेवटापर्यंत पोहोचलो, तर हा सैतानाचा सापळा होता, पुन्हा पहिल्यापासून खेळा, असा आदेश आला. मी गेम बंद केला. लहानपणीची ती दफनभूमी मला अधिक जवळची होती, आणि साठवत साठवत जाऊन मी तिचा धाक स्वतःच घालवला याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्यांना परत जायचे आहे त्यांनी ही सोय बंद ठेवूनच जावे.

म्हापशाहून

आते-मामेभावंडांत आमचे एक भांडण दहा वर्षे चालले. 'डियाब्लो' या गेममध्ये खाटीक नावाचा राक्षस आहे की नाही? ट्रिस्ट्रम गावातल्या चर्चच्या दाराशी एक जखमी माणूस मरता मरता त्याच्याविषयी सांगतो आणि दुसऱ्या मजल्यावर, प्रेतांनी भरलेल्या खोलीचे दार उघडताच, तो सुरा घेऊन धावत येतो. माझ्या आतेभावाने तो पाहिला होता. मी त्याच संगणकावर, त्याच सीडीवरून खेळलो आणि मला ना जखमी माणूस भेटला ना खाटीक. तळघरे दर डावाला नव्याने रचली जातात आणि एकट्याने खेळताना सगळ्या कामगिऱ्या प्रत्येक डावात नसतात, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे दोघेही एकमेकांना खोटे ठरवत राहिलो. आमच्या गावात देवचाराच्या, म्हणजे गावाच्या राखणदार भुताच्या, गोष्टीही अशाच असत. एकाला तो दिसलेला असे आणि दुसऱ्याला त्याच वाटेवर काहीच नाही.

२०१९ साली हा गेम पुन्हा अधिकृतपणे विकत मिळू लागला तेव्हा मी घेतला. मॅट उल्मेन यांनी बारा तारांच्या गिटारवर बांधलेले गावाचे संगीत सुरू झाले आणि मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. बाहेर पाऊस होता. नायकाला धावता येत नाही, हे आजच्या खेळाडूंना जाचक वाटेल, पण त्याच्याभोवतीच्या प्रकाशाच्या लहानशा वर्तुळातून चालताना ती संथ गती मला योग्यच वाटते. चौथ्या डावात खाटीक भेटला. मी आतेभावाला चित्र पाठवले आणि माफी मागितली.

पुण्याहून

'डूम'च्या वाट्याला कोणी गेलेले दिसत नाही, म्हणून थोडे लिहितो. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या या गेमचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, डिसेंबर १९९७ मध्ये खुला झाला आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मी तो वाचायला घेतला. आपण गोळी झाडली की भिंतीआडचे राक्षस गुरगुरत उठतात, हे मी खेळताना नेहमी अनुभवले होते. कोडमध्ये ते कसे होते ते सापडले. आवाज एका जागेतून लगतच्या मोकळ्या जागेत पाण्यासारखा पसरत जातो. नकाशाकाराने आवाज अडवणाऱ्या रेषा आखलेल्या असतात. त्यांतली एक तो ओलांडतो, दुसरीशी मात्र थांबतो. काही राक्षसांवर खूण असते, ते आवाज ऐकूनही हलत नाहीत, आपण नजरेस पडेपर्यंत दबा धरून बसतात. यंत्रणा समजल्यावर भीती जाईल असे मला वाटले होते. त्याच रात्री खेळायला बसलो तेव्हा पहिली गोळी झाडण्याआधी मी कितीतरी वेळ विचार केला, कारण ती कुठे कुठे ऐकू जाणार हे आता मला कळत होते.

ठाण्याहून

परत जाणाऱ्यांना एक व्यावहारिक सूचना करतो. डॉसच्या काळातले बहुतेक गेम ३२० × २०० बिंदूंचे आहेत, पण जुन्या मॉनिटरवर ते चित्र चारास तीन या प्रमाणात ताणले जाई, म्हणजे प्रत्येक बिंदू रुंदीपेक्षा उंच असे. आज ते न ताणता पाहिले तर माणसे बुटकी आणि खोल्या ठेंगण्या दिसतात आणि आठवणीतला वाडा हरवल्यासारखा वाटतो. डॉसबॉक्स या, डॉसचे गेम आज चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'अस्पेक्ट' हे सेटिंग चालू करावे. खेळ फार वेगाने पळत असेल तर 'सायकल्स' कमी करावेत. आणि खोलीतला दिवा घालवावा.

महाबळेश्वरहून

'सायलेंट हिल' या भयाच्या गेममधले धुके हे प्लेस्टेशनला दूरचे चित्र रेखाटता येत नव्हते म्हणून आले, असे पुष्कळदा सांगितले जाते आणि ते खरे आहे. पण आम्ही धुक्यात वाढलेली माणसे आहोत. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या घरासमोरचे झाड दिवसेंदिवस दिसत नाही, आणि रस्त्याने येणारा माणूस ओळखायचा तो छत्रीवरच्या पावसाच्या आवाजावरून. म्हणून २००३ साली मित्राकडे तो गेम पाहिला तेव्हा धुक्याने मी घाबरलो नाही, मला ते घरचेच वाटले. घाबरलो ते रेडिओला. राक्षस जवळ आला की खिशातला रेडिओ खरखरू लागतो, दिसत काहीच नाही, आणि तो कोणत्या बाजूला आहे हेही रेडिओ सांगत नाही. सुरुवातीच्या गल्लीत हरवलेल्या मुलीच्या मागे जाताना कॅमेरा तिरका होत जातो, अंधार वाढतो, भोंगा वाजतो, आणि तिथे काहीही केले तरी नायक वाचत नाही. हरण्यावाचून तिथे दुसरा मार्गच ठेवलेला नाही.

दुसऱ्या भागाची २०२४ सालची नवी आवृत्ती मी खेळलो. आजच्या यंत्राला धुक्याची गरज उरलेली नाही, तरी ते ठेवले आहे आणि फार सुंदर केले आहे. मला विचाराल तर पहिल्या भागातले, दाणेदार, करड्या भिंतीसारखे धुके आमच्या पावसाळ्याच्या अधिक जवळ जाते. गेल्या श्रावणात वीज नसताना लॅपटॉपच्या बॅटरीवर मी तो पहिला भाग पुन्हा सुरू केला. हेडफोन काढले तेव्हा गेममधली गल्ली शांत होती आणि बाहेर रस्त्यावर कोणीतरी छत्री घेऊन चालले होते.

वाईहून, पुन्हा

सर्वांचे आभार. ठाण्याच्या सूचनेप्रमाणे 'अस्पेक्ट' चालू केले आणि राजपुत्र पुन्हा उंच झाला. भाचा मे महिन्यात आला आहे आणि काल रात्री आम्ही बाराव्या लेव्हलला पोहोचलो तेव्हा सात मिनिटे शिल्लक होती. तिथे सावली तलवार उपसून समोर उभी राहते. तिला मारले की घाव आपल्यालाच लागतो. तो दोनदा मेला आणि त्यात आणखी वेळ गेला. काय करायचे ते मी सांगितले नाही, फक्त दिवा बंद केला. तिसऱ्या वेळी तो बराच वेळ नुसता उभा राहिला आणि मग त्याने तलवार म्यानात घातली. सावलीनेही घातली. दोघे एकमेकांकडे धावत गेले आणि एक झाले. पुढे दरी होती. तो कडेशी थांबला, मग धावू लागला, आणि प्रत्येक पावलाखाली एकेक फरशी येत गेली. पावलांखेरीज कसलाही आवाज नव्हता. "आता कुणी बोलू नकोस," तो मला म्हणाला.

अजून जाफर, खेळातला दुष्ट वजीर, बाकी आहे. आज रात्री बसणार आहोत.