वणवा रोखायला ग्रामसभेला थेट निधी मिळतो का? (कोरची, गडचिरोली)

टोल्यावरचा
नमस्कार मंडळी. आमचं गाव कोरची तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेला लागून. सामूहिक वनहक्क मिळाला आहे, तेंदूपत्ता ग्रामसभाच विकते. यंदा ऐन मोहफुलाच्या दिवसांत जंगल पेटलं. पोरं रात्रभर पळसाच्या डहाळ्या घेऊन आग झोडपत होती. तेंदूची कोवळी पालवी गेली, म्हणजे हंगामाचा पैसाच गेला.
पेपरात वाचलं की केंद्रानं वणव्यासाठी 800 कोटींच्या वर मंजूर केले. भाच्यानं मोबाईलवर दाखवलं, अमेरिकेत तर गावांना थेट अनुदान मिळते. आपल्याकडे अर्ज कुठं करायचा? आम्हाला दोन ब्लोअर (पाला उडवून आग अडवायचं यंत्र) अन् राखणीची मजुरी पाहिजे, बस.

जुना राऊंडवाला
भाऊ, मी वनखात्यात राऊंड ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. गडचिरोली-गोंदियाकडंच नोकरी गेली. सरळ सांगतो, फॉर्म भरला अन् खात्यात पैसे आले असं या कामात होत नाही.

तुम्ही वाचलं ती योजना आपत्ती सौम्यीकरण निधीतली. सुमारे 819 कोटी, 19 राज्यं, 144 जिल्हे. तो पैसा राज्यामार्फत खाली येतो, गावाच्या नावानं नाही. तरी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन आपला जिल्हा यादीत आहे का अन् आराखड्यात कोणती गावं धरली, एवढं विचारून ठेवा. दुसरी केंद्राची जुनी योजना वणवा प्रतिबंधाची, 60 टक्के केंद्र, 40 टक्के राज्य. ती वनविभागाकडं येते. त्यातून जाळरेषा (आग अडवायला गवत-पाला काढून मोकळा केलेला पट्टा) अन् फायर वॉचर (आगीचे राखणदार) होतात, पण खात्याच्या जंगलात. तुमच्या वनहक्काच्या जंगलात काम करायची वेळ आली की साहेब लोक म्हणतात, "ते तुमचं, तुम्ही पाहा." हे मी आतून ऐकलेलं आहे.

मग पैसा कुठून? तीन दारं आहेत.

पेसा गाव (आदिवासी क्षेत्राच्या पेसा कायद्यातलं) असाल तर 5 टक्के अबंध निधी ग्रामसभा कोषात येतो. वनहक्क अंमलबजावणी अन् वनावरची उपजीविका, दोन्ही त्याच्या खर्चाच्या बाबींत बसतात. बहुतेक गावं तो रस्ता-नालीतच संपवतात. दुसरं रोहयो. तिथं "वणवा" शब्द लिहाल तर बाबू फाईल परत पाठवेल. झुडपं छाटणी, वनतळं, मृद-जलसंधारण असं लिहा. वनतळं झालं की आग विझवायला पाणीही जवळ येतं. तिसरं तुमचं स्वतःचं, तेंदूचं उत्पन्न. दरवर्षी बोनस वाटायच्या आधीच राखणीचा वाटा बाजूला काढायचा ठराव करा. नंतर कोणी देत नाही बाप्पा.

पण या सगळ्याच्या आधी 4(1)(ई) समितीनं, म्हणजे वनहक्क नियमाप्रमाणं ग्रामसभेनं नेमलेल्या समितीनं, वन व्यवस्थापन आराखडा केला आहे का? तो नसेल तर पैसा मागायला आधारच राहत नाही. अन् अमेरिकेचं म्हणता तर तिथंही तेच आहे. 2021 च्या कायद्यानं त्यांनी पाच वर्षांसाठी 1 अब्ज डॉलर ठेवले, पण काम गावाच्या वणवा आराखड्यात लिहिलेलं असावं लागतं, अन् तो आराखडा दहा वर्षांच्या आतला पाहिजे. भाच्याला हेही दाखवायला सांगा.

मेळघाटची ताई
राऊंडवाले काका बरोबर बोलतात, पण आग लावतं कोण तेही बोला ना. आमच्या इकडं तरी मोहाखालचा पाला जाळण्यातूनच निम्मं जंगल पेटतं. फुलं दिसावी म्हणून बाया पहाटे काडी लावतात अन् टोपली भरली की निघून येतात. आमच्या गटानं हिरवी शेडनेट घेतली. झाडाखाली अंथरायची, सकाळी गोळा करायची. फुलाला माती लागत नाही, व्यापारी भावही बरा देतो. बचतगटातून घेतली, कोणाच्या अनुदानाची वाट पाहिली नाही.

टोल्यावरचा
ताई, नेट वाऱ्यानं उडत नाही का? आमच्याकडं एकेका घराची मोहाची झाडं दूर दूर आहेत.

मेळघाटची ताई
चारी कोपऱ्यांना दगड ठेवायचे. दूरच्या झाडाखाली नेट नका नेऊ, चोरी होते. तिथं खराट्यानं गोल झाडून घ्या अन् पाला झाडापासून दूर ओढा. मेहनत आहे, खोटं काहून बोलू.

जुना राऊंडवाला
ताईंचा मुद्दा सोळा आणे खरा. अन् एकट्या बायांवर नका ढकलू. तेंदूला पालवी चांगली फुटावी म्हणून फळीवरचे (पानं गोळा करायच्या केंद्रावरचे) काही लोक मुद्दाम आग लावायला सांगतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याला उपाय खुटकटाई, म्हणजे आग न लावता तेंदूची झुडपं बुडापासून छाटणं. लिलावाच्या करारातच लिहून घ्या, की खुटकटाई ठेकेदाराच्या खर्चानं अन् आग लागली तर अनामत जप्त.

जाळरेषेचं वेळापत्रक पाळा. गवत नोव्हेंबर-डिसेंबरात कापून तिथंच वाळू द्यायचं अन् 15 फेब्रुवारीच्या आत, वारा पडलेला असताना, माणसं उभी करून जाळायचं. तिथून 15 जूनपर्यंत वणव्याचा हंगाम. मार्चमध्ये जाळरेषा जाळायला निघालेला माणूस स्वतःच वणवा लावतो. वनरक्षकाला आधी कळवा, नाही तर राखीव जंगलाच्या हद्दीवर 1927 च्या कायद्याचं कलम 26 तुमच्यावरच लागेल.

अन् भारतीय वन सर्वेक्षणाच्या वेबसाईटवर मोबाईल नंबर नोंदवा. उपग्रहाला आग दिसली की मेसेज येतो. थोडा उशिरा येतो, पण डोंगरापलीकडची आग गावातून दिसतच नाही, तिथं कामी पडतो.

वैनगंगाकाठ
काका, सगळं ठीक. पण ब्लोअर? आमच्या शेजारच्या गावाला मिळाला, दुसऱ्या वर्षी कार्ब्युरेटर जाम. पेट्रोल कोणाचं, दुरुस्ती कोणाची, यावरून ग्रामसभेत भांडण. आता समाजमंदिरात पडून आहे.

जुना राऊंडवाला
म्हणूनच मी आधी मजुरी म्हणतो, यंत्र नंतर. मोहफुलाच्या तीन-चार आठवड्यांत दुपारी फिरणारे चार पगारी राखणदार दोन ब्लोअरपेक्षा जास्त जंगल वाचवतात. ब्लोअर घ्यायचाच तर एका पोराच्या नावावर करा, अन् हंगाम संपला की टाकी रिकामी करून ठेवायला सांगा. पेट्रोल तसंच राहिलं तर जाम होणारच.

टोल्यावरचा
आराखडा संस्थेवाल्यांनी करून दिला होता, पण त्यात आगीवर एकच ओळ आहे. पुढच्या ग्रामसभेत समितीला दुरुस्तीला लावतो. काका, करारातल्या अनामतीची भाषा कशी लिहायची, नमुना असेल तर टाका.